खड्डा ठाण्याचा, खोळंबा राज्याचा

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यांविषयी दिलेला आदेश अनेकांनी वाचला असेल. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घ्यावी, आणि भरपाईचा भार शेवटी जबाबदार कंत्राटदार व अधिकाऱ्यांवर टाकावा, असा त्याचा आशय होता. सुस्थितीतला रस्ता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे याच न्यायालयाने त्यापूर्वीही सांगितले होते.

आदेश स्पष्ट आहे. तरीही ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने किंवा शिळफाट्यावरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या मनात काही प्रश्न उरतातच. बुजवलेला खड्डा दरवर्षी त्याच जागी पुन्हा का उघडतो? एवढ्याशा खड्ड्यामुळे काही किलोमीटरची रांग कशी लागते? आणि ठाण्यातल्या एका पुलाच्या दुरुस्तीची झळ नाशिकहून निघालेल्या भाजीच्या गाडीला का बसते? या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे सुरुवात रस्त्याच्या पोटापासून करावी लागेल.

रस्ता आतून कसा असतो

डांबरी रस्त्याचे जे काळे अंग आपल्याला दिसते ते त्याचे सर्वांत वरचे, सर्वांत महागडे आणि सर्वांत कमी जाडीचे अंग असते. तळाशी दाबून घट्ट केलेली माती असते. तिच्यावर मुरूम आणि जाड खडीचा थर असतो, ज्यातून आत आलेले पाणी बाजूला निघून जावे अशी अपेक्षा असते. त्यावर निरनिराळ्या आकारांची खडी ठरावीक प्रमाणात मिसळून, पाणी घालून रोलरने दाबलेला थर येतो आणि सर्वांत वर गरम डांबर-खडीचे थर घातले जातात. मोठ्या महामार्गावर या सगळ्यांची मिळून जाडी अर्ध्या मीटरहून अधिक भरते. चाकाखाली तळहाताएवढ्या जागेत येणारा भार थराथराने पसरत जाऊन मातीपर्यंत पोहोचेपर्यंत सौम्य व्हावा, हे या सगळ्या रचनेचे प्रयोजन आहे. खालची माती कोरडी आणि घट्ट राहिली तर रस्ता टिकतो. ती भिजली तर वरचे डांबर कितीही उत्तम असले तरी त्याचा आधारच जातो.

पाऊस उघडल्यावर एखादा खोल खड्डा, अर्थात सुरक्षित जागी उभे राहून, नीट पाहावा. काठावर काळा थर उभा तुटलेला असतो आणि त्याच्या पोटातल्या काही खड्यांवरचे डांबर धुपून ते उघडे पडलेले असतात. तळाशी सुटी खडी आणि करडा गाळ साचलेला असतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट खड्ड्याच्या बाहेर, जिथे अजून खड्डा पडलेला नाही तिथे दिसते. तिथे बारीक भेगांचे जाळे असते आणि त्या भेगांच्या तोंडाशी वाळलेल्या करड्या गाळाचे ओघळ असतात. भेगेतून आत गेलेले पाणी खालच्या थरात साचते. वरून चाक गेले की ते पाणी दाबले जाऊन उसळी मारत बाहेर येते आणि येताना खालच्या थरातली बारीक चुरी घेऊन येते. दिवसातून हजारो चाके हे काम करीत राहतात. हळूहळू खाली पोकळी तयार होते, वरचा काळा थर अधांतरी राहतो आणि एखाद्या रात्री मोडतो. सकाळी आपण म्हणतो की काल इथे खड्डा नव्हता. खड्डा तयार होत होताच, फक्त तो झाकलेला होता.

म्हणून भेगा दिसू लागल्या की त्या बुजवणे हे खड्डा बुजवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि परिणामकारक काम आहे. हे काम पावसाळ्याआधी, कोरड्या रस्त्यावर करावे लागते, आणि केल्यावर ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, ही त्यातली अडचण आहे.

पाणी आत शिरते कसे

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. एवढे पाणी वाहून जावे यासाठी रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार देतात. डांबरी रस्त्याला हा उतार दोन ते अडीच टक्के, म्हणजे एका मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर असावा लागतो. कागदावर तो असतोच. प्रत्यक्षात मात्र एका थरावर दुसरा थर चढवताना उतार बिघडतो, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच होते, गटाराचे तोंड डांबराने किंवा मातीने बुजते, आणि मेट्रोच्या खांबांभोवती लावलेल्या पत्र्यांच्या कडेने पाणी अडून राहते. पाणी एका जागी तास-दोन तास साचले की भेगेतून आत जायला त्याला भरपूर सवड मिळते.

दुसरा मार्ग आपणच उघडून देतो. जलवाहिनी, गॅस, वीज आणि इंटरनेटच्या तारांसाठी खणलेले चर बुजवताना माती थोड्या-थोड्या थरांत भरून प्रत्येक थर दाबायचा असतो. तसे न करता सगळी माती एकदम ढकलून वरून काळा थर दिला, तर पहिल्याच पावसात चर खचतो आणि रस्त्याच्या आडवी पन्हळ तयार होते. चांगला केलेला रस्ता दोन महिन्यांत कोणीतरी खणला, ही तक्रार जुनीच आहे. पण खणणे टाळता येत नसेल तर निदान बुजवणे तपासले जावे, एवढी अपेक्षा रास्त म्हणावी लागेल.

नवी मुंबईत स्थिती थोडी निराळी आहे. शहर वसवणाऱ्या सिडकोने नोड, म्हणजे नियोजित वसाहती, आखतानाच पावसाळी नाले आणि भरतीच्या वेळी पाणी साठवणारे धारण तलाव योजले असल्यामुळे सेक्टरांमधले अंतर्गत रस्ते तुलनेने बरे राहतात. मात्र खाडीकाठची जमीन भरावाची आहे आणि भरावाखाली खारा, मऊ चिखल आहे. असा चिखल वरच्या भाराने वर्षानुवर्षे खचत राहतो, आणि उरण-उलव्याकडच्या रस्त्यांवर तर कंटेनरची सततची ये-जा आहे.

एक ट्रक आणि काही हजार मोटारी

वाहनाच्या चाकांच्या एका आडव्या जोडीवर, म्हणजे एका अक्षावर, येणाऱ्या वजनाला अक्षभार म्हणतात. रस्त्याचे आयुष्य वाहनांच्या संख्येपेक्षा या अक्षभारावर अधिक अवलंबून असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी निरनिराळ्या वजनाचे ट्रक दिवसरात्र फिरवले आणि रस्ता किती खराब होतो हे मोजले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की हानी अक्षभाराच्या जवळजवळ चौथ्या घातात वाढते. अक्षभार दुप्पट झाला तर हानी दुप्पट न होता सोळा पट होते. वजन फक्त २० टक्क्यांनी वाढले तरी हानी दुपटीला पोहोचते.

भारतात रस्त्याची जाडी ठरवताना ८.१६ टनांचा अक्ष प्रमाण धरतात. लहान मोटारीचा अक्षभार पाऊण टनाच्या आसपास असतो. दोहोंची तुलना चौथ्या घाताने केली तर भरलेल्या ट्रकच्या एका अक्षाइतकी हानी करायला एका मोटारीच्या अक्षाला दहा हजारांहून अधिक वेळा त्याच जागेवरून जावे लागेल. दुचाकीचा तर हिशेबच नको. म्हणजे खड्ड्यात आदळून सर्वाधिक जायबंदी होणारा दुचाकीस्वार हा त्या खड्ड्याला सर्वांत कमी जबाबदार असतो.

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार चाकांच्या (प्रत्येक बाजूला दोन-दोन) एकेरी अक्षाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. मालवाहतुकीचा खर्च कमी व्हावा हा हेतू समजण्यासारखा होता. पण वर सांगितलेल्या ठोकताळ्याने पाहिले तर जेमतेम तेरा टक्के जास्त वजन साधारण साठ टक्के जास्त हानी करते, आणि त्याआधी आखलेल्या रस्त्यांच्या हिशेबात ते धरलेले नव्हते. त्याहून पुढे जाऊन मर्यादेपेक्षा जास्त माल भरणाऱ्यांचा नफा गाडीमालकाच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या खिशात जातो, रस्त्याचे बिल मात्र सगळ्यांच्या नावावर फाटते. मालवाहतुकीच्या मार्गावरचे वजनकाटे चालू ठेवणे ही माझ्या मते खड्डे बुजवण्याइतकीच निकडीची गोष्ट आहे.

आणखी एक भर. डांबर हा पदार्थ हळू आणि फार वेळ पडणाऱ्या भाराखाली जास्त दबतो. त्यामुळे धावणाऱ्या ट्रकपेक्षा रांगेत उभा राहिलेला, इंचाइंचाने सरकणारा ट्रक रस्त्याला जास्त जड जातो. माजिवडा, कापूरबावडी किंवा कल्याण फाटा इथे सिग्नलच्या अलीकडे चाकांच्या जागी पडलेल्या लांब पन्हळी त्यामुळेच असतात. खड्ड्यामुळे कोंडी होते आणि कोंडीमुळे रस्ता आणखी खराब होतो.

पावसात बुजवलेला खड्डा का टिकत नाही

डांबर-खडीचे मिश्रण साधारण दीडशे अंश सेल्सिअस तापमानाला तयार होते आणि ते गरम असतानाच पसरून दाबावे लागते. ओल्या, थंड खड्ड्यात ते लगेच निवते, नीट दबत नाही आणि कडांना चिकटत नाही. शिवाय पावसाळ्यात डांबराचे बहुतेक प्लांट बंद असतात. म्हणून मग पर्याय वापरले जातात. पाण्यात मिसळणाऱ्या डांबराचे कोल्ड मिक्स घाईच्या कामाला चालते, पण जड वाहतुकीखाली फार तग धरत नाही. मास्टिक म्हणजे सुमारे दोनशे अंशांना वितळवून ओतलेले, रोलरची गरज नसलेले आणि पाणी आत न सोडणारे मिश्रण. ते टिकाऊ आहे, पण महाग आहे आणि त्यालाही खड्डा कोरडा लागतो. पेव्हर ब्लॉक तर पदपथाची वस्तू आहे. ट्रकच्या चाकाखाली ते एकेक करून निसटतात आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी सरळ खाली जाते.

नीट बुजवण्याची पद्धत सर्व खात्यांच्या पुस्तकांत दिलेली आहे. खड्ड्याच्या कडा चांगला रस्ता लागेपर्यंत चौकोनी आणि उभ्या कापायच्या, आतला सुटा माल काढून जागा साफ आणि कोरडी करायची, तळाला व कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग माल भरून दाबायचा. याऐवजी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खडी ओतून फावड्याने थोपटली, की पुढच्या दोन दिवसांत ती खडी दुचाकीस्वारांच्या चाकांखाली पसरलेली दिसते. ४८ तासांच्या मुदतीत काम झाल्याची नोंद होते. रस्ता मात्र होता तिथेच राहतो. मुदतीबरोबर पद्धतीचीही तपासणी झाली नाही तर आदेशाचे पालन कागदावरच राहण्याची भीती आहे.

मग सगळे रस्ते काँक्रीटचेच का करत नाहीत?

प्रश्न योग्य आहे. काँक्रीटच्या जाड फरशीला पाण्याचे भय कमी असते, ती भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि नीट केली तर वीस-तीस वर्षे टिकते. पण काँक्रीट घातल्यावर नेहमीच्या सिमेंटला पुरते बळ यायला २८ दिवस लागतात, आणि तेवढा काळ एक मार्गिका बंद ठेवणे घोडबंदरसारख्या रस्त्याला परवडत नाही. लवकर घट्ट होणारे काँक्रीट मिळते, पण ते महाग पडते. खालच्या वाहिन्या आधी हलवल्या नाहीत तर पुढे हीच फरशी फोडावी लागते, आणि फोडलेली फरशी पूर्ववत करणे डांबरापेक्षा कठीण असते. फरशी आणि शेजारच्या डांबरी पट्ट्यात उंचीचा फरक राहिला तर त्या कडेवर दुचाकी घसरते. जिथे जड वाहतूक आहे, पाणी साचते आणि वाहिन्यांचा प्रश्न सुटलेला आहे तिथे काँक्रीट निःसंशय चांगले. सरसकट सगळीकडे ते करण्याची घोषणा मात्र सावधपणे ऐकावी.

सगळ्यांची वाट ठाण्यातूनच का जाते?

आता रस्त्याच्या पोटातून बाहेर येऊन नकाशाकडे पाहू. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान आहे, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी आहे, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पलीकडे पारसिकचा डोंगर आहे. त्यामुळे वाहनांना जायला चार-पाच चिंचोळ्या वाटा तेवढ्या उरतात: घोडबंदरची गायमुख घाटातली वाट, नाशिककडची साकेत-खारेगाव पुलांची वाट, मुंब्रा बाह्यवळण, कळवा-विटाव्याची वाट आणि ऐरोलीचा पूल.

या वाटांवरून काय जाते ते पाहा. उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२४-२५ मध्ये तिथून वीस फुटी मापात मोजलेले ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. त्यांतले बरेच कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळणावरून भिवंडीच्या गोदामांकडे जातात; गुजरातला जाणारे त्यापुढे घोडबंदर किंवा चिंचोटीच्या रस्त्याला लागतात. नाशिक जिल्ह्यातला कांदा आणि भाजीपाला कसारा घाट उतरून, भिवंडी बाह्यवळण आणि खारेगाव ओलांडून तुर्भ्याच्या बाजार समितीत येतो. एसटीच्या गाड्या, कारखान्यांच्या बसगाड्या आणि रुग्णवाहिकाही त्याच वाटेने जातात.

राज्यातल्या रस्त्यांची एकूण लांबी तीन लाख किलोमीटरहून अधिक आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड १९४३ मध्ये नागपूरला भरलेल्या अभियंत्यांच्या परिषदेत आखली गेली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच चालते. या उतरंडीचा अर्थ असा की गावच्या रस्त्यावरून निघालेला माल क्रमाक्रमाने मोठ्या रस्त्याला लागतो. त्या वाटेतला एकच तुकडा अरुंद किंवा खराब असला तर बाकीच्या सर्व तुकड्यांवर वाचवलेला वेळ तिथे खर्च होतो.

समृद्धी महामार्ग हे याचे ताजे उदाहरण आहे. नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे असा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोकळ्या रस्त्यावर हा टप्पा तासाभराच्या आत पार होतो. त्यापुढे वडपे ते माजिवडा हे सुमारे चोवीस किलोमीटरचे अंतर, जिथे रुंदीकरण चालू असताना वाहन कधी ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने सरकले तर दोन तास खाते. डोंगर पोखरून वाचवलेला वेळ असा खाडीपुलाच्या तोंडाशी संपतो.

उलट उदाहरण २०१८ मधले आहे. मुंब्रा बाह्यवळण दुरुस्तीसाठी मे महिन्यापासून काही महिने बंद ठेवावे लागले. तिथली अवजड वाहने ऐरोली आणि ठाणे शहरातून वळवली गेली आणि ज्या रस्त्यांचा त्या दुरुस्तीशी काहीही संबंध नव्हता ते सगळे तुंबले. पर्यायी वाट नसलेल्या रस्त्याची दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोह होतो तो यामुळेच, आणि ढकलल्यामुळे ती अधिक मोठी होते.

एका खड्ड्याने तीन किलोमीटरची रांग

इथे थोडे गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तीन मार्गिकांच्या रस्त्यावरून तासाला ४,५०० वाहने जाऊ शकतात आणि सकाळच्या गर्दीत ४,२०० येतात, असे धरा. रस्ता भरलेला आहे, पण चालतो आहे. आता एका मार्गिकेत मोठा खड्डा पडला आणि क्षमता ३,००० वर आली. तासाला १,२०० वाहने मागे साचू लागली. प्रत्येक वाहनाला साडेसात मीटर जागा धरली आणि ती तीन मार्गिकांत उभी राहिली, तर तासाभरात तीन किलोमीटरची रांग तयार होते.

आता खड्डा बरोबर एका तासाने बुजवला. क्षमता पुन्हा ४,५०० झाली. पण वाहने अजूनही तासाला ४,२०० येतच आहेत, म्हणजे साचलेली वाहने बाहेर काढायला तासाला फक्त ३०० ची सवड आहे. साचलेली १,२०० वाहने निघायला चार तास लागतील. खड्डा तासभराचा, कोंडी पाच तासांची. सकाळी आठला बंद पडलेला ट्रक नऊला हलवूनही दुपारी बाराला रस्ता तुंबलेला का असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. रस्त्याच्या क्षमतेचा काठोकाठ वापर होत असेल तर लहानसा अडथळाही फार महाग पडतो.

रांग मागे वाढत जाऊन एखाद्या चौकापर्यंत पोहोचली की दुसऱ्या दिशेला जाणारी वाहनेही अडकतात. कापूरबावडीपर्यंत मागे आलेली घोडबंदरची रांग नाशिकला जाणाऱ्याला अडवते ती अशी.

“अवजड वाहने दिवसा बंदच करा”

ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध घातले जातात आणि ते आवश्यकही आहेत. पण बंदीने वाहने नाहीशी होत नाहीत. ती शहराच्या वेशीवर रस्त्याच्या कडेला उभी राहतात, एक मार्गिका व्यापतात आणि बंदी उठताच एकदम सुटतात. त्यांना उभे राहायला पुरेसे वाहनतळ असतील तरच बंदीचा पूर्ण लाभ मिळतो. त्याशिवाय बंदरात जहाजाची वेळ चुकली तर निर्यातदाराचे आणि भाजी उशिरा पोहोचली तर शेतकऱ्याचे नुकसान होते. कायमचा उपाय मालाचा काही भाग रेल्वेवर नेणे हा आहे. दिल्लीकडून येणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्गाचे टोक याच बंदरात आणायचे ठरले ते त्यासाठीच.

“नवा पूल, नवा बोगदा झाला की सुटेल”

ठाण्याला नव्या वाटांची गरज आहे, हे नकाशाच सांगतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, विरार-अलिबाग मार्ग यांतला प्रत्येक प्रकल्प काही वाहतूक दुसरीकडे वळवतो किंवा वळवील. मात्र रस्ता सोयीचा झाला की त्याच्या काठाने वस्ती आणि गोदामे वाढतात, आणि पूर्वी लोकलने जाणारा माणूसही गाडी काढतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घोडबंदरच्या दुतर्फा काय उभे राहिले हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. शिवाय प्रत्येक नवा किलोमीटर पुढे देखभालीचा खर्च मागतो. जुन्याची निगा न राखता नवे बांधत जाण्यात फक्त भूमिपूजनांची संख्या वाढते.

रस्ता नेमका कोणाचा?

तक्रार करायला गेलेल्या माणसाला बहुधा ऐकावे लागणारे पहिले वाक्य म्हणजे “हा भाग आमच्याकडे येत नाही.” ते नेहमीच टाळाटाळीचे असते असे नाही. घोडबंदर रस्त्यावर वर्षानुवर्षे मुख्य मार्गिका सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, सेवारस्ते महापालिकेकडे आणि मेट्रोचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे राहिले आहे. वडपे-ठाणे रुंदीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. नवी मुंबईत महापालिका, सिडको, एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि बंदराकडच्या मार्गांवर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण अशी पाच खाती आहेत. पावसाच्या पाण्याला या हद्दी कळत नाहीत: एका खात्याच्या रस्त्यावरचे पाणी दुसऱ्याच्या गटारात जायचे असते आणि ते गटार पहिल्याने तुंबवलेले असते.

“आम्ही कर भरतो, मग पैसा जातो कुठे?” हा प्रश्नही इथेच येतो. इंधनावरील उपकर केंद्राच्या रस्ते निधीत जातो, वाहनकर राज्याला मिळतो, मालमत्ता कर महापालिकेला आणि टोल संबंधित प्रकल्पाला. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलमाफी आहे, पण तो टोल मुळात पूल आणि उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता. आपल्या घरासमोरच्या खड्ड्याशी यांतला एकही पैसा थेट बांधलेला नसतो.

“सगळा भ्रष्टाचार आहे, बाकीचे कशाला सांगता?”

भ्रष्टाचार नाही असे कोणी म्हणणार नाही. थराची जाडी कमी करणे, डांबराचे प्रमाण घटवणे, न केलेल्या कामाचे बिल काढणे हे प्रकार ठाऊक आहेत. पण प्रामाणिकपणे बांधलेला रस्तासुद्धा देखभालीवाचून टिकत नाही. ज्या गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय दर सर्वसाधारण सभेत पुढे ढकलला जातो, तिथे शेवटी वरच्या मजल्याच्या स्लॅबमधल्या सळ्या गंजतात आणि काही हजारांच्या कामाचे काही लाखांचे काम होते. बांधकाम व्यावसायिक चोख असला तरी हे घडते. रस्त्याचेही तसेच असून वरचा थर वेळेवर बदलण्याचा खर्च पाया नव्याने घालण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

भ्रष्टाचार पकडायचा तरी रस्ता कसा बिघडतो हे कळावे लागते. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षे त्यातले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. खड्डा पडल्यावर कंत्राटदार पावसाकडे, चर खणणाऱ्या कंपनीकडे किंवा जादा वजनाच्या गाड्यांकडे बोट दाखवतो. चर नसलेल्या जागी, रस्ता झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसात करड्या गाळाचे ओघळ दिसत असतील, तर त्याचे हे म्हणणे तपासण्याजोगे आहे. रस्त्याला गोल भोक पाडून काढलेला नमुना थरांची खरी जाडी सांगतो.

फलकावर काय वाचावे

मोठ्या कामाच्या ठिकाणी माहितीफलक लावलेला असतो. त्यावर कामाचे नाव, काम करवून घेणारे खाते, कंत्राटदार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी असे तपशील असतात, निदान असायला हवेत. फलक नसेल तर हीच माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. तक्रार करताना खड्ड्याचे छायाचित्र, तारीख, दिशा आणि जवळची खूण द्यावी. महामार्गावर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सर्वांत उपयोगी पडतो. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवावा, कारण उच्च न्यायालयाच्या आदेशातले ४८ तास खड्डा निदर्शनास आल्यापासून मोजायचे आहेत आणि ते कधीपासून, हे त्या पावतीवरूनच सिद्ध होते.

दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी आणि त्या जागेसाठी नव्याने बिल निघू नये. मुदत उलटून गेली असेल तर तो खर्च खात्याच्या अंगावर येतो. देखभालीसाठी किती रक्कम ठेवली आणि त्यातली भेगा बुजवण्यासाठी व वरचा थर बदलण्यासाठी किती, हे आपल्या नगरसेवकाला विचारायचे असेल तर जुलै उजाडण्याची वाट पाहू नये. महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडली जातात आणि पावसाआधीच्या कामांचे पैसे तेव्हाच ठरतात.